मिलानची दिवेलागण

आपल्याकडे दिवेलागणीच्या वेळेला फार मान. त्या वेळी केर काढू नये, आडवे होऊ नये, नखे कापू नयेत, उंबरठ्यावर बसू नये, शेजारणीला मीठ देऊ नये, अशी ‘नये’ची लांबलचक यादी आपल्या आज्यांनी आपल्याकडून पाठ करून घेतलेली असते. करायचे म्हणून एकच. हातपाय धुवायचे, देवापाशी दिवा लावायचा आणि शुभंकरोति म्हणायचे. ‘रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून हातात पेला धरू नये’ हे कलम मात्र त्या यादीत नव्हते. ते घालण्याची गरज पडेल असे आजीला वाटलेच नसावे!

जगातल्या पुष्कळ शहरांत मात्र नेमकी हीच वेळ पेल्याची असते. इंग्रजीने तिला ‘हॅपी अवर’ असे गोंडस नाव दिले आहे. हे नाव मूळचे दर्यावर्द्यांचे. 1913 च्या सुमारास अमेरिकन आरमाराच्या ‘आर्कान्सा’ या युद्धनौकेवर खलाशांचा कंटाळा घालवण्यासाठी करमणुकीचे कार्यक्रम होत, त्यांचे हे नाव. पुढे ते किनाऱ्याला लागले आणि हॉटेलवाल्यांच्या हाती पडले. दुपारची जेवणे आटोपल्यापासून रात्रीची सुरू होईपर्यंत हॉटेल ओस असते. भाडे, पगार आणि विजेचे मीटर मात्र थांबत नाहीत. तेव्हा त्या पडत्या तासांत पेला अर्ध्या किमतीत द्यावा, नाहीतर एकावर एक फुकट द्यावा, सोबत खारट काहीतरी ठेवावे म्हणजे तहान पुन्हा लागते, असा हा साधा हिशेब. तो इतका यशस्वी झाला, की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1984 साली आणि आयर्लंडने 2003 साली अशा सवलतींवर कायद्याने बंदी घातली.

मुंबईतही ‘हॅपी अवर्स’च्या पाट्या आता जागोजागी दिसतात. मराठी मध्यमवर्गीय कुटुंब अशा पाटीखालून जाताना चालण्याचा वेग किंचित वाढवते. त्यात नवल नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने आपल्या भाषेला ‘परमिट रूम’ हा शब्द दिला आणि त्याच्याबरोबर मिणमिणता दिवा, काळ्या काचा व आत कोण बसले आहे ते न दिसण्याची सोयही दिली. अशा ठिकाणी बायकामुलांना घेऊन बसायचे ही कल्पनाच आपल्याला मानवत नाही.

म्हणूनच मिलानला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या यजमानांनी जाहीर केले, “आज संध्याकाळी सगळ्यांनी हॅपी अवरला जायचे,” तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव उमटले. आम्ही सहा जण होतो. यजमान म्हणजे आमचे कॉलेजातले मित्र. इंजिनियर होऊन पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. दुसरे आमचे डॉक्टर व डॉक्टरवहिनी. शिवाय मी आणि सौ. डॉक्टर हसले. डॉक्टरवहिनींनी “मी शाकाहारी आहे” असे सांगून टाकले. म्हणजे विषय तिथेच संपावा. सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ विवाहित वाचकांना सांगायला नको.

“घाबरू नका,” वहिनी म्हणाल्या. “इथे हॅपी अवर म्हणजे स्वस्त पिणे नव्हे. उलट थोडे महागच. पण ते काय आहे ते बसल्यावर कळेल.”

सुरुवात त्यांनी मोठ्या घरापासून केली. मिलानच्या प्रचंड देवळाला लागूनच ‘गॅलेरिया’ आहे. व्हित्तोरियो एमानुएले राजाच्या नावाने 1865 ते 1877 या काळात बांधलेला हा काचेच्या छताखालचा बाजार. मध्यावरचा घुमट 47 मीटर उंच. खाली जमिनीवर रंगीत दगडांची नक्षी, आणि त्या नक्षीत तुरीन शहराचे चिन्ह म्हणून एक बैल. त्याच्या एका विशिष्ट अवयवावर टाच रोवून गिरकी घेतली की भाग्य उजळते अशी इथली समजूत. तो अवयव कोणता, हे दिवाळी अंकात लिहिण्याजोगे नाही. पण लाखो टाचांनी तिथे खळगा पडला आहे. डॉक्टर पुढे सरसावले, तेव्हा डॉक्टरवहिनींनी त्यांना कोटाला धरून मागे ओढले.

या गॅलेरियाच्या तोंडाशीच ‘काम्पारीनो’ नावाचे मद्यगृह आहे. गास्पारे काम्पारी याने 1860 साली नोव्हारा गावी एक लालभडक कडू अर्क तयार केला आणि पुढे गॅलेरियात कॅफे थाटला. 1867 साली त्याला मुलगा झाला तो तिथेच. गॅलेरियात जन्मलेला पहिला माणूस म्हणून त्याची ख्याती आहे. त्या मुलाने, दाव्हिदेने, 1915 साली समोरच्या बाजूला हे काम्पारीनो काढले. तळघरातून नळाने थंडगार सोडा थेट काउंटरवर यायचा, हे त्या काळचे नवल होते. इटलीतला एक नियम प्रवाशाने लक्षात ठेवावा. काउंटरशी उभे राहून प्यायलात तर एक दर आणि टेबलाशी बसलात तर दुसरा, चांगलाच चढा. आम्ही सहाही जण शहाण्या मराठी माणसांसारखे उभे राहिलो.

डॉक्टरांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “काडेचिराईत!” ते ओरडले. “अहो, हा तर आमच्या आईचा काढा!”

ते अगदीच खोटे नव्हते. इथल्या कडू पेयांत जेन्शन नावाच्या वनस्पतीचे मूळ पुष्कळदा असते आणि आपले काडेचिराईत त्याच कुळातले. तुरीनच्या कार्पानो याने 1786 साली जे व्हर्मूथ विकायला काढले, त्याला नाव मिळाले ते वर्मवुड या कडू झुडपावरून. हे झुडूप म्हणजे आपल्या दवण्याचा सख्खा चुलतभाऊ. चैत्रात जोतिबाला आपण जो सुगंधी दवणा वाहतो, त्याच्या नातलगाला इकडच्या लोकांनी बाटलीत घातले. आपल्या आयांनी नाक दाबून जे पाजले, ते हे लोक छान कपडे घालून, पैसे मोजून, बर्फ टाकून पितात.

डॉक्टरांनी मग वैद्यकी सांगितली. कडू चव जिभेला लागली की तोंडाला पाणी सुटते, पोटातले पाचक रस पाझरू लागतात आणि भूक जागी होते. लॅटिनमध्ये उघडण्याला ‘आपेरिरे’ म्हणतात. त्यावरून या वेळेच्या पेयाला ‘आपेरितीव्हो’ म्हणतात, म्हणजे भुकेचे दार उघडणारे. आपला आयुर्वेदही तिक्त रसाला दीपन म्हणतो. बंगाली माणूस जेवणाचा आरंभ कडवट शुक्तोने करतो. आपण वर्षाचा आरंभ कडुनिंबाच्या पानाने करतो. फरक एवढाच, की पाडव्याचा कडुनिंब वर्षातून एकदा असतो आणि मिलानचा पाडवा रोज संध्याकाळी सहा वाजता.

“लाल रंग कशाचा असतो हो हा?” डॉक्टरवहिनींनी विचारले. इंजिनियरसाहेब जरा घुटमळले. मग म्हणाले, “पूर्वी तो एका किड्याचा असे. कोचिनील नावाचे किडे वाळवून, कुटून तो रंग काढत. 2006 साली बहुतेक देशांत त्यांनी तो सोडला. आता कृत्रिम रंग असतो.” वहिनींनी समोरचा पेला दोन बोटांनी डॉक्टरांकडे सरकवला. किडे गेले असले तरी त्यांची आठवण शाकाहारी नव्हती.

पण आमच्या वहिनींनी सांगितलेला खरा हॅपी अवर पाहायचा तो नाव्हील्यो ग्रांदेच्या काठी. भुयारी रेल्वेने पोर्ता जेनोव्हाला उतरून पाच मिनिटे चालले की हा कालवा लागतो. बाराव्या शतकात खणायला सुरुवात झालेला. 1386 साली मिलानच्या देवळाचे काम सुरू झाले, तेव्हा उत्तरेकडच्या कांदोल्या गावच्या खाणीतला गुलाबी संगमरवर तळ्यातून, नदीतून आणि या कालव्यातून होड्यांनी शहरात आला. देवळाच्या मालाला जकात माफ होती. तशा अर्थाची लॅटिन अक्षरे, आ-उ-फ, त्या मालावर घातलेली असत. त्यावरूनच इटालियन भाषेत फुकट मिळालेल्या गोष्टीला ‘आ उफो’ म्हणतात, असे इथले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. फुकटचा संगमरवर ज्या पाण्यावरून आला, त्याच पाण्याच्या काठी आता पेल्याबरोबर बशी ‘आ उफो’ मिळते.

मे महिना सरत आला होता. इकडे त्या दिवसांत सूर्य नऊ वाजेपर्यंत मावळायचे नाव घेत नाही. दिवेलागण म्हणावी तर दिवे नाहीत. लखलखीत ऊन, कालव्याच्या पाण्यावर पिवळ्या-तांबड्या घरांची पडछाया आणि दोन्ही काठांवर टेबलेच टेबले. काळ्या काचा कुठेच नाहीत. एका टेबलाशी आजी, मुलगी आणि बाबागाडीतली नात. दुसरीकडे चार कारकून गळ्यातले टाय सैल करून बसलेले. तिसरीकडे दोन म्हाताऱ्या बायका एकेका पेल्यावर तासभर बोलत होत्या. त्यांचा पेला जेवढा हलत होता, त्यापेक्षा हात कितीतरी जास्त.

पेला मागवायचा, त्याचे दहाबारा युरो द्यायचे, म्हणजे आपले हजार-बाराशे रुपये झाले, आणि मग आतल्या लांब टेबलावरून बशी भरून आणायची, अशी पद्धत. आम्ही पुरुषांनी स्प्रित्झ घेतला. तीन भाग फेसाळ प्रोसेक्को, दोन भाग नारिंगी आपेरोल, एक भाग सोडा आणि संत्र्याची चकती. व्हेनिसच्या बाजूला ऑस्ट्रियाचे राज्य होते तेव्हा त्यांच्या शिपायांना तिथली वाइन जड वाटे, म्हणून ते तीत पाणी घालून घेत. त्या पाणी घालण्याचे हे जर्मन नाव. आपेरोल पाडुआचे, 1919 सालचे. बायकांसाठी वहिनींनी क्रोदीनो मागवले. दिसायला तसेच नारिंगी, चवीला तसेच कडसर, पण त्यात दारूचा थेंब नाही. 1960 च्या दशकापासून ते छोट्या बाटलीत मिळते. सौ.ने लेबल दोनदा वाचायला लावले, मग घोट घेतला. “कोकमात कडुनिंब पिळल्यासारखे आहे,” ती म्हणाली, आणि बाटली संपवली.

शेजारच्या टेबलावर ‘नेग्रोनी स्बाल्यातो’ आला. नेग्रोनीत काम्पारी, व्हर्मूथ आणि जिन असते. 1972 साली मिलानच्याच बार बास्सोमध्ये मालकाने जिनच्या जागी चुकून फेसाळ वाइनची बाटली उचलली आणि लोकांना तेच आवडले. ‘स्बाल्यातो’ म्हणजे चुकलेला. चुकीचे नाव लपवून न ठेवता पाटीवर लिहिणारे हे शहर!

आता बशी. आपल्या ‘चखण्या’ची कल्पना डोक्यातून काढून टाका. खारे दाणे आणि तिखट डाळ नव्हे. हिरव्या-काळ्या ऑलिव्हच्या परड्या, जाड लादीपाव्यासारखा तेल लावलेला फोकाच्चा, पिझ्झाचे चौकोनी तुकडे, वांगे-टोमॅटोची आंबटगोड भाजी, निखाऱ्यावर भाजलेली भोपळी मिरची, थंड भाताची कोशिंबीर, पास्ता, टोमॅटो आणि मोझरेल्ला चीजच्या चकत्या, व्हिनेगरमध्ये घातलेले फ्लॉवर-गाजराचे लोणचे. मांसाहारी मंडळींसाठी ‘मोन्देगिली’ म्हणजे मिलानचे खिम्याचे गोळे. उरलेले शिजवलेले मांस वाया जाऊ नये म्हणून इथल्या गृहिणींनी ते शोधून काढले. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आमच्या बायकांना त्या अगदी आपल्या वाटल्या. डॉक्टरवहिनींची बशी सगळ्यांत मोठी झाली. शाकाहारी माणसाची इतकी बडदास्त आल्प्सच्या पायथ्याशी होईल असे त्यांना वाटले नव्हते.

“दोनदा आणायचे, तिसऱ्यांदा उठायचे नाही,” इंजिनियरसाहेबांनी शिष्टाचार सांगितला. “लिहिलेले कुठे नाही, पण सगळे पाळतात. विद्यार्थी सोडून.”

1990 नंतर मिलानमध्ये या भरल्या बशीची लाट आली आणि लोक तिलाच ‘हॅपी अवर’ म्हणू लागले. शब्द अमेरिकेचा, अर्थ मात्र मिलानचा. तिथे त्याच पैशांत दुसरा पेला मिळतो, इथे पेल्याबरोबर जेवण. जेवणाला इटालियनमध्ये ‘चेना’. तेव्हा दोन्ही मिळून ‘आपेरिचेना’ असाही एक शब्द झाला. जुन्या वळणाचे मिलानकर त्याला नाके मुरडतात. भूक चाळवायची की मारायची, असा त्यांचा सवाल.

पेल्याचा रंग खाली उतरू लागला तसे आम्ही तिघे मित्र मागे गेलो. आमच्या कॉलेजजवळच्या इराण्याचे संगमरवरी टेबल, एक पानीकम चहा तिघांत, मस्कापाव. नोकऱ्या लागल्यावरही कित्येक वर्षे दर शनिवारी सहा ते आठ आम्ही तिथे असू. त्या टेबलावर आम्ही किती सरकारे पाडली, किती नाटके उभी केली याला गणती नाही. मग कुणाची बदली झाली, कुणाचा दवाखाना वाढला, एक परदेशी गेला. तो इराणीही एक दिवस बंद झाला आणि तिथे मोबाइलचे दुकान आले.

“या शहराने ती वेळ सांभाळली,” इंजिनियर म्हणाले. “आपण घालवली.”

“भावजी,” डॉक्टरवहिनी एक ऑलिव्ह उचलत म्हणाल्या, “तुम्ही आठला उठून घरी जायचात तेव्हा पोळ्या तव्यावर असायच्या ना?”

“असायच्या.”

“मग ती वेळ आपली कशी? तुमची होती. मी जर तिथे चहा पीत बसले असते, तर पोळ्या कुणी लाटल्या असत्या?”

आवाजात राग नव्हता. एखाद्या हिशेबात राहिलेला आकडा दाखवून द्यावा तसे त्या बोलल्या. सौ. म्हणाली, “पण इराण्याकडे फॅमिली रूम असायची ना?”

“पाटी असायची,” डॉक्टरवहिनी म्हणाल्या आणि ऑलिव्हची बी बशीच्या कडेला ठेवली. डॉक्टर चष्मा पुसू लागले. कालव्यावरून एक होडी गेली ती आम्ही सगळ्यांनी नको तितक्या बारकाईने पाहिली.

मग आमच्या वहिनी बोलल्या. एरवी त्या फारशा बोलत नाहीत. “मी नवीन आले तेव्हा पहिलं वर्षभर सात वाजले की खिडकीशी उभी राहायची. खाली सगळं गाव रस्त्यावर, आणि मी वर कुकरची शिटी मोजत. एक दिवस शेजारची म्हातारी दार वाजवून म्हणाली, चल. मी म्हटलं, स्वयंपाक व्हायचाय. तिला कळलंच नाही. ती म्हणाली, जेवायलाच तर चाललोय. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी इथे येते, हे आले तर यांच्याबरोबर, नाही तर तिच्याबरोबर. आणि ज्या दिवशी इथे येते त्या दिवशी घरी गॅस पेटत नाही. या बशीची किंमत मला विचारा.”

“म्हणजे इथल्या बायका सुखी म्हणायच्या,” सौ. म्हणाली.

“थांबा, दाखवते,” वहिनी म्हणाल्या.

चार पावलांवर कालव्याला लागून एक बोळ आहे, व्हिकोलो देई लाव्हान्दाई, म्हणजे धोब्यांची गल्ली. लाकडी खांबांवर कौलारू छप्पर, खालून वाहणारा पाण्याचा एक पाट आणि त्याच्या काठाने उतरते दगड मांडलेले. एकोणिसाव्या शतकात इथे पुरुष धोबी काम करत, त्यांचा स्वतःचा एक संघही होता. नाव त्यांचे राहिले. पुढे आसपासच्या बायका घरचे कपडे घेऊन इथे येऊ लागल्या, त्या अगदी 1950 च्या दशकापर्यंत. थंडीच्या दिवसांत, गुडघे टेकून, त्या दगडावर त्या कपडे घासत. दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत. सौ. वाकली आणि तिने एका दगडावरून हात फिरवला. “आमच्या कोकणातल्या विहिरीवरचा दगड अस्साच,” ती म्हणाली.

तिथून मागे पाहिले की पेल्यांची सगळी नारिंगी रांग दिसते. दगड आणि ती टेबले यांत वीस पावलांचेही अंतर नाही. पण ते चालायला या बायकांना किती वर्षे लागली असतील! धुण्याची यंत्रे आली, नोकऱ्या आल्या, हातात स्वतःचा पैसा आला, तेव्हा कुठे त्या आजीला नातीची बाबागाडी घेऊन तिथे बसता आले. मिलानच्या हॉटेलवाल्यांनी काही समाजसुधारणा म्हणून बशी भरली नाही. गिऱ्हाईक यावे म्हणून भरली. पण ज्यांना एरवी स्वयंपाकासाठी उठावे लागले असते, त्यांना त्या बशीने तासभर जास्त बसवले, हे खरे.

नऊ वाजले, सूर्य एकदाचा बुडाला आणि कालव्याच्या कडेचे दिवे लागले. डॉक्टरवहिनींनी सवयीने हात जोडले.

मुंबईला परतल्यावर त्यांचा फोन आला, तोही मला नव्हे, सौ.ला. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता, दादरच्या एका उडुपी हॉटेलात. नियम दोन. पहिला, कुणाच्याही घरी जमायचे नाही, कारण घरी जमले की घरची बाई उठते. दुसरा, त्या रात्री घरी कुणी खिचडीसुद्धा टाकायची नाही. पिणे म्हणजे कॉफी किंवा सोलकढी. आमच्या वयाला तेवढा कैफ पुरतो. शेजारच्या जोशीणबाई आणि सौ.च्या ऑफिसातल्या दोघीही आता येतात. पुरुष अल्पसंख्य आहेत.

पहिल्या शनिवारी पाऊण तास झाला आणि दारात माणसे ताटकळताना पाहून वेटरने न मागताच बिल आणून ठेवले. गर्दीच्या वेळचा उडुपी हॉटेलचा तो रिवाजच आहे. डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला. डॉक्टरवहिनींनी बिल उचलले, पाठीमागे वळून पाहिले आणि शांतपणे सांगितले, “दोन मेदूवडे, एक साधा डोसा, आणि सहा कॉफ्या अजून.”